पगार दिला, पण पुरावा आहे का? पहिला कामगार ठेवण्याआधी हे वाचा



कामगार कायद्यांवरचा व्हिडिओ बघून बऱ्याच जणांच्या मनात एकच प्रश्न येतो, "आमच्याकडे दोनच पोरं आहेत, आम्हाला कशाला कायदा?" आजचा लेख त्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, मढमध्ये कल्याण-अहिल्यानगर हायवेला तुमचं चहा-नाश्त्याचं छोटं हॉटेल आहे. पावसाळा लागला की माळशेज घाट बघायला गर्दी होते, म्हणून तुम्ही जून ते सप्टेंबर दोन पोरं कामाला ठेवता. पगार 14,000 रुपये, जेवण तुमच्याकडे. (आकडा फक्त हिशोबासाठी घेतलाय.) पगार रोख, मधेमधे उचल, आणि सगळा हिशोब तोंडी.

सीझन संपतो. एक पोरगा म्हणतो, ऑगस्ट आणि सप्टेंबरचा पगार मिळालाच नाही. तुम्ही म्हणता, दिला. आता खरं कोण?

पुरावा तुम्ही द्यायचा

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार नवीन कामगार संहिता लागू झाल्या. जुने 29 कायदे त्यांत एकत्र केले. त्यातली वेतन संहिता छोट्या धंद्यालाही लागू आहे, अगदी एक कामगार असला तरी. तिच्यात स्पष्ट लिहिलंय की पगार मिळाला नाही असा दावा झाला, तर तो दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. दावा करायला कामगाराकडे तीन वर्षं असतात. दावा मान्य झाला तर मूळ रक्कम द्यावी लागतेच, शिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई लागू शकते.

आता हिशोब करा. दोन महिन्यांचे 28,000. त्यावर भरपाई जास्तीत जास्त 2,80,000. तुम्ही पगार खरंच दिला असेल तरी कागद नसेल तर तुमची बाजू लंगडी पडते. छोट्या हॉटेलवाल्याचा अख्खा सीझन यात जाईल!

इन्कम टॅक्सवालाही तेच विचारतो

रोख पगार बेकायदेशीर नाही. पण एका माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिलेत, तर तो खर्च इन्कम टॅक्समध्ये धरला जात नाही. जे खर्च दाखवून नफ्यावर कर भरतात, त्यांना हे थेट लागतं. म्हणजे 14,000 एकरकमी रोख दिले, तर पैसे खिशातून गेले आणि वर त्यावर करही भरायचा!

दुसरी गोष्ट, प्रोफेशनल टॅक्स. महाराष्ट्रात पुरुष कामगाराचा पगार महिना 10,000 च्या वर असेल तर महिन्याला 200 रुपये (फेब्रुवारीत 300) कापून सरकारकडे भरायचे असतात. त्यासाठी मालकाची वेगळी नोंदणी लागते. महिलांना 25,000 पर्यंत माफी आहे. इथेही "दहा माणसं झाल्यावर बघू" चालत नाही.

मग दहाचा आकडा कुठून आला?

तो साधारणपणे ईएसआयसीचा. दहा कामगार झाले की ईएसआयसी, वीस झाले की पीएफ. हे आकडे खरे आहेत, पण ते पुढचे टप्पे आहेत. पगाराचे नियम पहिल्या माणसापासूनच सुरू होतात. गल्लत इथेच होते.

उद्यापासून काय करायचं?

1. दर तपासा. तुमच्या धंद्याचा आणि तुमच्या परिमंडळाचा किमान वेतन दर बघा. मूळ दर अधिक विशेष भत्ता, अशी बेरीज करा. भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. कमी पगार दिल्यास 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. "त्याला चालत होतं" हे उत्तर चालत नाही.

2. कामावर घेताना चिठ्ठी करा. नाव, काम, पगार, कधीपासून, कधीपर्यंत. एक पान पुरे. एक प्रत त्याला, एक तुम्हाला.

3. पगार बँकेत किंवा यूपीआयने द्या. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत. सोबत पगारचिठ्ठी.

4. उचल त्याच दिवशी लिहा. वहीत तारीख, रक्कम, सही. वाद बहुतेक वेळा उचलीवरूनच पेटतो.

5. सीझन संपला की हिशोब मिटवा. काम सुटल्यापासून दोन कामाच्या दिवसांत सगळी बाकी द्यायची. "दिवाळीला ये, देतो" हे आता विसरा.

बघा, यातल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. शंभर रुपयांची वही आणि हातातला मोबाईल, एवढंच भांडवल. नोंदणी आणि चालू दर यांसाठी तुमच्या कर सल्लागाराला एकदा नक्की विचारा.

आणि एक सांगतो. ही वही फक्त तुमच्या बचावासाठी नाही. ज्या पोराला दर महिन्याला वेळेवर, लिहून पगार मिळतो, तो पुढच्या पावसाळ्यात आपणहून परत येतो. सीझनला माणसं मिळत नाहीत अशी तक्रार असेल, तर आधी आपली वही उघडून बघा.

तुमच्याकडे किती जण कामाला आहेत आणि पगार कसा देता, कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!