फटाक्यांच्या माळेतली पाच माणसं

घरात कॉलेजात जाणारी मुलं असली, की कानांवर काय पडेल याचा नेम नसतो. हल्ली तर जपानी कार्टून-मालिकांचं भारीच वेड! खोलीतून अनोळखी भाषेतलं गाणं ऐकू येतं आणि आपण ‘अगं, आवाज कमी कर जरा!’ म्हणून ओरडून पुन्हा कुकरच्या शिट्ट्या मोजू लागतो. पण मैत्रिणींनो, ते गाणं ‘बक-टिक’ या मंडळींचं असेल, तर घटकाभर गॅस बारीक करा आणि ऐका.

जपानीत ‘बाकुचिकु’ म्हणजे फटाके. त्यावरून हे नाव. गुन्मा प्रांतातल्या फुजिओका गावच्या मुलांनी १९८३ साली हा बँड काढला. आत्सुशी साकुराई तेव्हा ड्रम वाजवायचा. १९८५ मध्ये तो गायक झाला आणि ड्रमवर आला बासवादक युताका हिगुचीचा थोरला भाऊ, यागामी तोल. गिटारवर हिसाशी इमाई आणि हिदेहिको होशिनो. हे पाच जण मग २०२३ पर्यंत, म्हणजे तब्बल अडतीस वर्षं, एकत्र राहिले. आपली भिशीसुद्धा इतकी टिकत नाही हो!

रोज नवी चव

सुगरणीच्या हाताला एकच चव नसते, तसं यांचं. सुरुवातीला धडाक्याचा पंक, मग गूढ, काळोखी गॉथिक, पुढे यंत्रांचा खडखडाट आणि इलेक्ट्रॉनिक सूर. बहुतेक चाली इमाईच्या, शब्द बहुधा साकुराईचे. त्यामुळे कपडे कितीही बदलले तरी माणूस ओळखू येतो.

त्यांना घराघरांत पोहोचवलं ते १९८८ च्या ‘जस्ट वन मोर किस’ने. सीडी-रेडिओ-कॅसेट प्लेअरच्या टीव्हीवरील जाहिरातीत ते वाजायचं. ठेका असा, की हातातलं लाटणं आपोआप ताल धरील! पण यश आलं की पाय घसरायलाही वेळ लागत नाही. १९८९ मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणी इमाईला अटक झाली आणि बँडचं काम काही महिने थांबलं. सोबत्यांनी त्याला टाकलं नाही. त्याच वर्षी २९ डिसेंबरला टोकियो डोमच्या भव्य मैदानात पाचही जण पुन्हा उभे राहिले. पाठोपाठ १९९० च्या जानेवारीत आलेलं ‘आकु नो हाना’ विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेलं. नावाचा अर्थ ‘पापाची फुलं’. फ्रेंच कवी बोदलेअरच्या प्रसिद्ध संग्रहाचंही जपानीत हेच नाव आहे.

आईसाठी एक गाणं

त्याच १९९० साली साकुराईची आई गेली. पोरकं होण्याला वय नसतं. चोविशीतला, हजारो मुली ज्याच्यावर जीव टाकत असा हा देखणा गायक आतून पार हलला. त्या दुःखातून १९९१ मध्ये ‘ज्युपिटर’ आलं. चाल होशिनोची. हा गडी अबोल, चालीही मोजक्याच देणारा. पण दिली की काळजाला भिडणारी. गिटारचे हळुवार सूर आणि त्यावर साकुराईचा भरदार, दमदार आवाज. जपानी कळत नाही म्हणून अडत नाही. माहेरच्या रिकाम्या स्वयंपाकघरात उभं राहून पाहिलेल्या बाईला ते गाणं समजतं.

१९९३ चं ‘ड्रेस’ हेही होशिनोच्याच चालीचं. तुमच्या मुलीला कदाचित हेच ठाऊक असेल, कारण २००५ च्या ‘ट्रिनिटी ब्लड’ या मालिकेच्या सुरुवातीला ते नव्या रूपात वाजलं. १९९५ चं ‘कोदो’ म्हणजे काळजाची धडधड, आणि २००५ चं ‘रोमान्स’ ऐकलं की मेणबत्तीच्या उजेडातला जुना वाडा डोळ्यांपुढे येतो.

घरातला कर्ता गेला तेव्हा

१९ ऑक्टोबर २०२३. योकोहामातला कार्यक्रम नुकताच रंगात येत होता, तोच साकुराईची तब्येत बिघडली. त्याला इस्पितळात नेलं, पण मेंदूतल्या रक्तस्रावाने त्याच रात्री त्याचं निधन झालं. वय अवघं सत्तावन्न.

आता पुढे काय? आपल्यापैकी कितीजणींनी हा प्रश्न घरात अनुभवला असेल! रिकाम्या पाटाकडे पाहवत नाही आणि चूल तर पेटवावीच लागते. वर्षअखेरीस बुडोकान सभागृहात गाण्याचा बँडचा प्रघात होता. तो त्यांनी मोडला नाही. २९ डिसेंबर २०२३ ला चौघे मंचावर आले. साकुराई पडद्यावर दिसत होता, त्याचा ध्वनिमुद्रित आवाज सभागृहात घुमत होता आणि साथीला ते चौघे.

त्यांनी बँड बंद केला नाही, आणि बाहेरून नवा गायकही आणला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ‘सुब्रोसा’ हा अल्बम आला, त्यात इमाई आणि होशिनो स्वतःच गायले. साकुराईची सर त्यांच्या आवाजाला नाही, आणि ती आणायचा आटापिटाही नाही. गेलेल्या माणसाची जागा भरायची नसते. तिच्याशेजारी बसून आपलं काम करत राहायचं असतं.

आज दुपारची झाकपाक झाली, की मुलीला म्हणा, ‘ते ज्युपिटर लाव गं जरा.’ ती चकित होऊन बघेल. बघू दे! दोघी मिळून ऐका.