तख्त-ए-जमशीदच्या जिन्यावर

शिराझच्या ईशान्येस सुमारे 60 किलोमीटरांवर, कूह-ए-रहमत नामक डोंगराच्या पायथ्याशी, इसवी सनापूर्वी 518च्या सुमारास सम्राट दारियसाने जिची उभारणी आरंभिली आणि इ. स. पू. 330 मध्ये सिकंदराच्या सैन्याने जी भस्मसात केली, त्या पर्सेपोलिस नगरीला इराणी लोक आजही तख्त-ए-जमशीद म्हणतात. भग्न स्तंभांपेक्षा प्रेक्षकाने अधिक वेळ द्यावा तो अपादाना सभामंडपाच्या पूर्वेकडील जिन्याला. कारण साम्राज्यातील 23 जनसमूहांची शिष्टमंडळे आपापला नजराणा घेऊन हुजुरांकडे निघालेली तेथे कोरलेली आहेत, आणि त्यांत कमरेला धोतरासारखे वस्त्र गुंडाळलेला, उघड्या अंगाचा, खांद्यावर कावड वाहणारा सिंधुतीराकडील मनुष्य दृष्टीस पडताच भारतीय मनाला विलक्षण आत्मीयता वाटते. या मिरवणुकीत कोणाच्या हाती बेडी नाही; विजयाचा उन्माद टाळून सत्तेचे वैभव प्रकट करणारी ही शिल्पदृष्टी मला अपूर्व वाटते.

याहूनही मोलाचे येथील दप्तर. 1933 साली तटबंदीत हजारो मृत्तिकापट सापडले. कोणत्या कामकऱ्यास किती धान्य व मद्य शिधा म्हणून दिले, बाळंतिणीस किती जादा दिले, पुत्र झाल्यास ते कसे दुप्पट झाले, याच्या कारकुनी नोंदी त्यांवर आहेत.

तेथून काही किलोमीटरांवर नक्श-ए-रुस्तमच्या कड्यात दारियसाची कबर आहे. तीही अवश्य पाहावी.