ई-मेल वितरणातील विलंब व डोमेन नाम प्रणाली

ई-मेल स्वीकारून ते योग्य स्थळी पोहोचविणाऱ्या संगणकास टपाल सर्व्हर म्हणतात. प्रत्येक पत्रासाठी या सर्व्हरला डोमेन नाम प्रणालीकडे, म्हणजेच डीएनएसकडे, अनेक पृच्छा कराव्या लागतात. त्यांची उत्तरे उशिरा मिळाली किंवा मिळालीच नाहीत, तर पत्र रांगेत अडकून पडते. अशा वेळी टपाल सर्व्हर स्वतः निर्दोष असूनही सदोष भासतो. म्हणून या विलंबाचे निदान पद्धतशीरपणे करणे आवश्यक ठरते.

पूर्वपीठिका : आर्पानेट या जालाच्या प्रारंभीच्या काळात सर्व संगणकांची नावे व पत्ते स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवलेल्या एकाच फाइलीत असत व तिची प्रत प्रत्येक ठिकाणी उतरवून घेतली जाई. जालाच्या वाढीबरोबर ही व्यवस्था अपुरी पडू लागली, तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये अनेक सर्व्हरांत विभागलेली डीएनएसची योजना मांडली. ई-मेलच्या देवाणघेवाणीचे एसएमटीपी हे नियम जोनाथन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये निश्चित केले होते. कोणत्या डोमेनचे टपाल कोणत्या सर्व्हरकडे द्यावे, हे सांगणाऱ्या ‘एमएक्स’ नोंदीचा वापर कसा करावा याचे नियम क्रेग पार्ट्रिज यांनी १९८६ मध्ये दिले. तेव्हापासून टपाल व नामशोध या दोन्ही व्यवस्था एकमेकींशी निगडित आहेत.

पृच्छांचे स्वरूप : पाठविणारा सर्व्हर प्रथम एमएक्स नोंद व नंतर तीत आलेल्या नावाचा अंकीय पत्ता विचारतो. स्वीकारणारा सर्व्हर याउलट, समोरच्या अंकीय पत्त्यावरून त्याचे नाव शोधतो. यास उलट नामशोध म्हणतात. त्या डोमेनच्या वतीने पत्र पाठविण्याचा अधिकार या सर्व्हरला आहे की नाही, तसेच त्याचा पत्ता नको असलेल्या टपालाबद्दलच्या प्रतिबंध-यादीत आहे काय, हेही डीएनएसलाच विचारले जाते. अशा प्रकारे एका पत्रामागे अनेक पृच्छा होतात.

लिनक्स प्रणालीत सामान्यतः एका नामशोधक सर्व्हरच्या उत्तराची ५ सेकंद वाट पाहिली जाते व सर्व नामशोधकांकडे दोन फेऱ्या केल्या जातात. दोन नामशोधकांपैकी पहिला बंद असेल, तर प्रत्येक पृच्छेला ५ सेकंद अधिक लागतात. सहा पृच्छांचे ३० सेकंद होतात. दोन्ही बंद असल्यास एकच पृच्छा २० सेकंदांनी निष्फळ ठरते.

‘नाही’ आणि ‘उत्तर नाही’ : असे नावच अस्तित्वात नाही, हे डीएनएसचे निश्चित उत्तर होय; ते मिळताच पत्र प्रेषकाकडे परत जाते. उत्तरच न आल्यास मात्र दोष तात्पुरता मानून पत्र रांगेत ठेवावे, असा नियम आहे. पुढील प्रयत्न सर्वसाधारणपणे किमान ३० मिनिटांनी करावा व चार-पाच दिवस प्रयत्न चालू ठेवावेत, असे २००८ च्या एसएमटीपी नियमांत म्हटले आहे. त्यामुळे काही सेकंदांच्या अडचणीचे रूपांतर अर्ध्या तासाच्या विलंबात होऊ शकते. तथापि पत्र हरवत नाही. उलट, बिघडलेल्या नामशोधकाने चुकून ‘नाही’ असे सांगितले, तर योग्य पत्त्यावरील पत्रही परत जाते. विलंबापेक्षा हा दोष गंभीर होय.

निदान : प्रथम सर्व्हरचा लॉग पाहावा. पोस्टफिक्स या टपाल-आज्ञावलीच्या लॉगमध्ये विलंबाचे चार भाग दिलेले असतात. त्यांपैकी तिसरा भाग नामशोध व जोडणी यांसाठी लागलेला वेळ दर्शवितो. तो मोठा असल्यास डीएनएसचा संशय घ्यावा. त्यानंतरची चाचणी टपाल सर्व्हरवरूनच करावी. कार्यालयातील अन्य संगणक निराळा नामशोधक वापरत असल्यास तेथे मिळालेले तत्पर उत्तर दिशाभूल करते. ‘डिग’ या आज्ञेने आधी नेहमीच्या नामशोधकास व मग त्या डोमेनच्या अधिकृत सर्व्हरांना प्रत्येकी तीच पृच्छा करावी. अधिकृत सर्व्हर तत्परतेने उत्तर देत असतील, तर दोष आपल्या बाजूस आहे. त्यांपैकी एखादाच मूक असेल, तर दोष पलीकडे आहे. लहान उत्तरे येतात पण मोठी येत नाहीत, असे दिसल्यास फायरवॉलने ५३ क्रमांकाच्या पोर्टवरील टीसीपी वाहतूक रोखली आहे काय, ते तपासावे. जोडणी होऊनही स्वागताची ओळ उशिरा येत असेल, तर स्वीकारणाऱ्या सर्व्हरचा उलट नामशोध किंवा प्रतिबंध-यादीची पृच्छा खोळंबली असण्याचा संभव असतो. काही सर्व्हर अनोळखी प्रेषकास मुद्दाम ‘नंतर या’ असे सांगतात. हा विलंब डीएनएसचा नव्हे व लॉगमधील ४ ने सुरू होणाऱ्या उत्तरांकावरून तो ओळखता येतो.

बंद पडलेल्या प्रतिबंध-याद्या हेही एक कारण आहे. ओआरडीबी ही यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली, तरी अनेक सर्व्हर तिला विचारीत राहिले. मार्च २००८ मध्ये ती प्रत्येक पत्त्यास आक्षेपार्ह ठरवू लागली व त्या सर्व्हरांनी निर्दोष पत्रेही नाकारली.

उपाय : टपाल सर्व्हरवरच उत्तरे साठवून ठेवणारा नामशोधक बसविणे, परस्परांहून स्वतंत्र असे दोन नामशोधक नेमणे, आपल्या पत्त्याची उलट नोंद अचूक ठेवणे व प्रतिबंध-याद्यांची वेळोवेळी तपासणी करणे, हे प्रमुख उपाय होत. केवळ प्रतीक्षेची मुदत वाढविल्याने मूळ दोष झाकला जातो. एमएक्स नोंद बदलावयाची असल्यास तिची साठवण-मुदत आधीच कमी करावी; एक दिवसाची मुदत असल्यास ती किमान एक दिवस अगोदर घटवावी लागते. ‘नाही’ हे उत्तरही काही काळ साठविले जात असल्याने दुरुस्तीनंतर लगेच सर्वत्र फरक दिसत नाही. या काळात रांगेतील पत्रे पुसून टाकू नयेत. नामशोध पूर्ववत झाल्यावर रांगेस पुन्हा प्रयत्न करण्याची आज्ञा दिली असता ती मार्गस्थ होतात.