शटर वर जाते. खाली का येत नाही?

आदिलाबादच्या बाजारपेठेतून सहज एक फेरी मारली तरी लोखंडी शटरांच्या ओळी दुतर्फा दिसतात. पत्र्याच्या पट्ट्या एकमेकींत अडकवून केलेला हा पडदा दुकानदाराने वर्षानुवर्षे सकाळी हाताने वर ढकलला आणि रात्री आकड्याने खाली ओढला. आता मोठ्या दुकानांच्या आणि गोदामांच्या शटरांना मोटर बसू लागली आहे. खिशातल्या रिमोटचे बटण दाबले की शटर आपोआप वर जाते. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे जाऊन आलेल्या आईवडिलांनी तिथल्या गॅरेजचे दार असेच उघडताना पाहिलेले असते. बाह्य रूप निराळे असले तरी दोन्हींमागचे तत्त्व जवळजवळ एकच आहे. दोन्ही रुसतात तेव्हा साधारण एकाच तऱ्हेने रुसतात.

या रुसव्यांतली नेहमीची तक्रार म्हणजे "वर जाते, पण खाली येत नाही." अशा वेळी कोणी तरी 'जाणकार' येतो, दोन तारा एकमेकींना जोडतो आणि शटर झटक्यात चालू करून देतो. मालक खूश होतो. वस्तुतः दुरुस्ती काहीच झालेली नसते. दाराचे डोळे तेवढे फोडलेले असतात. हे डोळे म्हणजे काय, ते कशासाठी असतात आणि खरा दोष कसा हुडकावा, हे समजून घेण्यासाठी पदार्थविज्ञानाचे पुस्तकी ज्ञान पुरेसे आहे.

प्रथम या यंत्रणेची साखळी पाहू. रिमोट हा एक चिमुकला रेडिओप्रेषक असतो. त्याची लहर शटरजवळचा ग्राही पकडतो, ग्राही नियंत्रण पेटीला कळवतो आणि पेटी मोटरला वीज देते. याशिवाय चांगल्या जोडणीत चौकटीच्या दोन्ही अंगांना, जमिनीलगत, समोरासमोर दोन डबीवजा भाग बसवलेले असतात. एकातून अवरक्त किरणांची अदृश्य शलाका निघते व दुसरा ती टिपत राहतो. हेच ते सुरक्षा-सेन्सर. शटर खाली येताना मध्ये मूल, मांजर किंवा पोते आले की शलाका तुटते आणि पेटी मोटर थांबवते वा उलटी फिरवते.

विजेवर चालणारे गॅरेजचे दार अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी १९२६ साली तयार केले. परंतु हे डोळे सक्तीचे व्हायला जवळजवळ सात दशके जावी लागली. मधल्या काळात खाली येणाऱ्या दारांखाली मुले चिरडली जात होती. १९८२ नंतरच्या साधारण पंधरा वर्षांत अशा सुमारे ६० मुलांच्या मृत्यूची नोंद तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाकडे झाली. १९९० साली कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या प्रत्येक घरगुती यंत्राला, दाराखाली कोणी अडकू नये अशी जादा व्यवस्था बंधनकारक ठरली. शलाकेचे डोळे ही त्यांपैकी सर्वांत रूढ झालेली व्यवस्था. ते जमिनीपासून सहा इंचांहून उंच बसवू नयेत असा दंडक आहे, कारण रांगणारे मूल तेवढ्याच उंचीवर असते.

आता दोषाकडे वळू. आजारी माणसाला वैद्य आधी चार प्रश्न विचारतो आणि मगच औषध देतो. इथे तीन प्रश्न पुरतात.

पहिला प्रश्न : भिंतीवरच्या बटणाने शटर हलते का? मुळीच हलत नसेल तर रिमोटला दोष देण्यात अर्थ नाही. वीज आहे का, फ्यूज शाबूत आहे का, हे पाहावे. शटरची मोटर सलग बराच वेळ चालवण्यासाठी केलेली नसते. गंमत म्हणून चार-सहा वेळा वर-खाली केले की ती तापते आणि आतला उष्णतारोधक खटका तिला बंद पाडतो. वीस-पंचवीस मिनिटे थांबल्यास ती पुन्हा चालू लागते.

दुसरा प्रश्न : भिंतीवरच्या बटणाने चालते, पण रिमोटने नाही, असे आहे का? असेल तर मोटर, पेटी आणि सेन्सर हे तिन्ही निर्दोष ठरले. दोष रिमोट व ग्राही यांच्यामध्येच आहे.

तिसरा प्रश्न : दोन्हींनी वर जाते, पण खाली येत नाही, किंवा थोडे खाली येऊन परत फिरते, असे आहे का? मग संशय सेन्सरवर घ्यावा. शटर जमिनीला टेकून मग उलटे फिरत असेल तर मात्र सेन्सर नव्हे, खालची थांबण्याची मर्यादा चुकीची लागली आहे, असे समजावे.

या तीन प्रश्नांनी साखळीचे तुकडे पडतात आणि शोधाचे क्षेत्र लहान होते. प्रयोगशाळेत परिपथ चालत नसला म्हणजे आपण हेच करतो.

रिमोटच्या दोषांत पहिला मान सेलचा. रिमोटवरचा छोटा दिवा लागतो म्हणून सेल चांगला, हा समज फसवा आहे. सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. तो मोकळा मोजला तर व्होल्ट जवळजवळ पूर्ण भरतात, पण बटण दाबून प्रवाह वाहू लागताच दाब खाली बसतो. म्हणून मोजमाप बटण दाबलेले असतानाच करावे. पूर्वी रस्त्यापलीकडून चालणारे रिमोट आता शटरजवळ जावे तेव्हाच चालते, हे सेल म्हातारा झाल्याचे लक्षण आहे.

दुसरे कारण ॲन्टेना. आपल्याकडे अशा रिमोटची कंपनसंख्या बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झ असते. प्रकाशाच्या वेगाला तिने भागल्यास तरंगलांबी सुमारे ६९ सेंटिमीटर येते, आणि तिचा चौथा हिस्सा सुमारे १७ सेंटिमीटर. ग्राहीतून लोंबणारी ती निरुपयोगी वाटणारी तार बहुधा एवढीच लांब असते, हा योगायोग नव्हे. रंगारी ती कापतो, किंवा कोणी नीटनेटकेपणाच्या हौसेने ती गुंडाळून लोखंडी पेटीत कोंबतो, आणि रिमोटचा पल्ला एकदम घटतो. तार सरळ करून पेटीबाहेर सोडली की पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते.

तिसरे कारण परकीय लहरी. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील एग्लिन हवाई तळावर २००४ साली सैन्याच्या नव्या वायरलेस यंत्रणेची चाचणी सुरू होताच आसपासच्या वस्तीतील अनेक गॅरेजची दारे रिमोटला दाद देईनाशी झाली. सैन्याची यंत्रणा आणि ते रिमोट एकाच लहरपट्ट्यात बोलत होते. आपल्या पेठेत एवढा मोठा शत्रू लागत नाही. ग्राहीला खेटून बसवलेला हलक्या प्रतीचा एलईडी दिवा, किंवा शेजाऱ्याच्या गल्ल्यात वस्तूंखाली बटण दबून राहिलेला रिमोट, एवढेही पुरे होते. जवळचा दिवा मालवून पाहावा. फरक पडला तर चोर सापडला.

आता सेन्सरचे दोष. पुष्कळशा सेन्सरांवर छोटा दिवा असतो. तो स्थिर असेल तर शलाका पोचते आहे. लुकलुकत असेल किंवा विझला असेल तर वाटेत काही तरी बिघडले आहे. काय बिघडले, हे ओळखण्यासाठी आदिलाबादसारख्या ठिकाणी सर्वांत उपयोगी साधन म्हणजे मनगटावरचे घड्याळ. शटर दिवसाच्या कोणत्या वेळी अडते, एवढे टिपून ठेवावे.

फक्त पहाटे अडते का? आदिलाबादची थंडी तेलंगणात प्रसिद्ध आहे. डिसेंबर-जानेवारीत जमिनीलगतची हवा गारठते आणि सेन्सरच्या काचेवर दव धरते. दवाचे थेंब शलाका विखरून टाकतात. मऊ कोरड्या फडक्याने काच पुसली की काम होते.

फक्त सायंकाळी अडते का? मग सूर्यावर संशय घ्यावा. दुकान दक्षिणाभिमुख असेल तर शलाका पूर्व-पश्चिम जाते. ग्राही डोळा पूर्वेच्या खांबावर असला तर त्याचे तोंड पश्चिमेला येते. आदिलाबाद सुमारे १९.७ उत्तर अक्षांशावर आहे. इथे डिसेंबरात सूर्य ऐन पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला मावळतो, म्हणजे दुकानाच्या समोरच्या अंगाला. समोर मोकळी जागा असल्यास तिरपे ऊन थेट त्या डोळ्यात जाते. सेन्सरची शलाका ठरावीक वेगाने लुकलुकणारी केलेली असते, म्हणून साध्या उजेडातून ती वेगळी ओळखता येते. पण प्रखर उन्हाने डोळा दिपला की त्याला काहीच ओळखता येत नाही. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे सरकून इमारतीच्या मागे मावळतो आणि दोष आपोआप नाहीसा होतो. मेकॅनिकला बोलवावे तेव्हा शटर ठणठणीत, असा अनुभव येतो तो यामुळे. उपाय सोपा आहे : दोन्ही डोळ्यांची अदलाबदल करावी, किंवा ग्राही डोळ्याला नळीच्या तुकड्याची टोपी घालावी.

दिवसभर अडते का? मग धूळ, तार किंवा रोख. कापसाच्या हंगामात पैनगंगेकाठच्या जैनथ, बेला भागातून गाड्या येऊ लागल्या की मार्केट यार्ड आणि जिनिंगच्या परिसरात हवेत बारीक तंतू तरंगतात. ते कोळ्याच्या जाळ्यात अडकतात आणि जाळे नेमके सेन्सरच्या खोबणीत असते. आधी काच साफ करावी. मग सेन्सर हाताने किंचित फिरवून दिवा कुठे स्थिर होतो ते पाहावे. पोत्याच्या वा हातगाडीच्या धक्क्याने त्याचा रोख ढळलेला असतो. एवढे करूनही भागले नाही तर तार उंदराने कुरतडली आहे का, हे पाहण्यासाठी इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

इथे कोणी विचारील, तार तुटली तर तो सेन्सरचा दोष. त्यासाठी चांगले शटर का अडवावे? या प्रश्नाच्या उत्तरातच सगळे मर्म आहे. रेल्वेच्या रुळांतून एक क्षीण विद्युतप्रवाह सोडतात आणि तो पोचत असेल तरच सिग्नल हिरवा होऊ देतात. ही पद्धत अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली काढली. गाडी आली, रूळ तुटला, घट संपला, काहीही झाले तरी प्रवाह थांबतो आणि सिग्नल लाल होतो. यंत्राला खात्री नसेल तेव्हा ते धोकाच गृहीत धरते. आपले सेन्सर याच न्यायाने वागतात. "वाट मोकळी आहे" असे ते क्षणोक्षणी सांगत असतात. ते गप्प झाले की पेटी शटर थांबवते. म्हणजे शटर अडते तेव्हा ते बिघडलेले नसते, ते आपले काम चोख बजावत असते. तारा जोडून टाकणे, किंवा दोन्ही डोळे काढून वर छताजवळ एकमेकांसमोर चिकटवणे, म्हणजे साक्षीदाराला पढवून ठेवण्यासारखे आहे. तो यापुढे "मोकळे आहे" एवढेच म्हणेल, खाली मूल बसलेले असले तरीही.

बऱ्याच मोटरच्या शटरांना आपल्याकडे सेन्सर बसवलेलेच नसतात. रिमोट तेवढा मिळतो. खरेदीच्या वेळी सेन्सर आग्रहाने मागून घ्यावेत. ते नसतील तर शटर डोळ्यांसमोर असल्याखेरीज बटण दाबू नये, आणि रिमोट मुलांच्या हाती खेळायला देऊ नये. आतल्या ताणलेल्या स्प्रिंगांना आणि मुख्य विजेच्या जोडणीला हौशी हात लावू नये. ते काम माहितगाराचेच.

ज्यांच्याकडे सेन्सर आहेत त्यांनी महिन्यातून एकदा परीक्षा घ्यावी. शटर खाली येत असताना लांब काठी शलाकेत धरावी. शटर तत्काळ थांबले वा मागे फिरले तर उत्तम. नाही तर त्या दिवसापासून दुरुस्ती होईतो मोटर बंद ठेवावी आणि पूर्वीसारखे हाताने शटर ओढावे. त्यात थोडा घाम निघेल, दुसरे काही नुकसान होणार नाही.