पहिला शॅमेलिऑन : ऐकीव आणि खरं

इंग्लंड-अमेरिकेत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दुकानात शॅमेलिऑनचं पिल्लू दिसलं की भल्याभल्यांचा तोल जातो. पोपटी अंग, बोटभर लांबी, एक डोळा तुमच्याकडे आणि दुसरा छताकडे. मुलं हट्ट धरतात. आईवडील मनात हिशेब मांडतात: याचे केस गळत नाहीत, हा भुंकत नाही, फिरायला न्यावा लागत नाही. काउंटरवरचा पोरगा सांगतो, ‘एकदम सोपा आहे.’ तिथेच घोडं पेंड खातं.

कुत्र्या-मांजरांना आपल्या चुका बऱ्याच अंशी पचतात. शॅमेलिऑनला पचत नाहीत, आणि पचत नाहीत हे तो चटकन दाखवतही नाही. रानात दुबळेपणा दिसला की शिकार झालीच, म्हणून आजार लपवणं त्याच्या रक्तातच आहे. मालकाच्या लक्षात येईपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. तेव्हा पैसे मोजण्याआधी काही ऐकीव गोष्टी निवडून बाजूला टाकलेल्या बऱ्या.

‘ज्या रंगावर बसेल तो रंग घेतो’

चौकटीच्या शर्टावर बसवला तर अंगावर चौकटी उमटतील, अशी व्यंगचित्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आपल्या राजकारण्यांनी तर हा समज जिवंत ठेवण्याचं काम निष्ठेने केलं आहे. खरं म्हणजे झाडावर राहणाऱ्या शॅमेलिऑनचा मूळ रंगच पानासारखा किंवा सालीसारखा असतो आणि लपायला तेवढा पुरतो. तो रंग बदलतो ते ऊन अंगात मुरवायला, भीतीने, रागाने, समोर दुसरा नर आला म्हणून किंवा मादीवर छाप पाडायला. पोटात अंडी असलेली मादी ठळक, गडद रंग दाखवून नराला दुरूनच ‘पुढे येऊ नकोस’ म्हणून बजावते. देवी स्टुअर्ट-फॉक्स आणि अदनान मुसाली यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या बुटक्या शॅमेलिऑनवरचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. ज्या जातींना एकमेकांना ठळक इशारे द्यायची गरज जास्त, त्यांच्यातच रंगबदलाची ताकद जास्त वाढलेली त्यांना दिसली. परिसरात किती रंग आहेत याच्याशी तिचा मेळ बसला नाही.

हे घडतं कसं, ते २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी पँथर शॅमेलिऑनवर दाखवलं. त्याच्या कातडीतल्या काही पेशींमध्ये ग्वानिन या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. प्राणी शांत असताना ते दाटीने असतात आणि निळा प्रकाश परतवतात. वर पिवळ्या रंगद्रव्याचा थर असल्यामुळे आपल्याला तो हिरवा दिसतो. प्रतिस्पर्धी नर दिसला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि हिरव्याचा पिवळा, निळ्याचा पांढुरका, असा पालट काही मिनिटांत होतो.

पाळणाऱ्याला यातून कामाचं एवढं कळतं की रंग ही त्याच्या तब्येतीची पाटी आहे. सकाळी काळपट होऊन, अंग चपटं करून दिव्याखाली बसला तर तो ऊब घेतोय, काळजी नको. दिवसभर काळपट राहिला आणि भर दिवसा डोळे मिटून बसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

‘सगळे सारखेच, देखणा बघून घ्या’

शॅमेलिऑनच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांच्या तऱ्हा एकमेकींशी अजिबात जुळत नाहीत. मादागास्करातला लाबोर्डचा शॅमेलिऑन अंड्यातून बाहेर आल्यावर चार-पाच महिन्यांतच आयुष्य उरकतो. तिथल्याच ब्रुकेसिया नाना या जातीचा नर शेपूट वगळता जेमतेम साडेतेरा मिलिमीटर भरतो. नवख्याच्या समोर मात्र साधारण तीनच नावं येतात.

पहिला व्हेल्ड. मूळ गाव येमेन आणि सौदी अरेबियाचा नैर्ऋत्य भाग. डोक्यावर उंच तुरा, शेपटीसकट नर दीड-दोन फुटांचा. हवामानातला चढ-उतार तिघांत हाच सगळ्यांत जास्त सोसतो, पण स्वभावाने तिरसट. दुसरा पँथर, मादागास्करच्या किनारपट्टीचा. नोसी बे, अंबिलोबे, अंबांजा अशा गावा-बेटांच्या नावांनी तो विकला जातो, कारण ठिकाण बदललं की नराचा रंग बदलतो: कुठे निळसर हिरवा, कुठे लाल पट्ट्यांचा. जाहिरातीत दिसतो तो हाच. पण ते रंग फक्त नराचे आणि तेही वयात आल्यावरचे. मादी एरवी फिकट नारिंगी-तपकिरीच राहते. तिसरा जॅक्सन, केनिया-टांझानियातल्या डोंगराळ भागातला. नराच्या नाकाडावर तीन शिंगं आणि मादी अंडी न घालता थेट पिल्लं देते. त्याला गारवा लागतो, विशेषतः रात्री. तापणाऱ्या फ्लॅटमध्ये त्याचे हाल होतात. १९७२ साली पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून हवाईत आलेले आणि बाहेर सुटलेले जॅक्सन आजही तिथल्या ओल्या डोंगरांत मजेत नांदतात, यावरून त्याची आवड कळावी.

माझा कौल सांगतो. पहिल्यांदा घेत असाल तर पैदासकाराकडे जन्मलेला, तीन महिन्यांहून मोठा, व्हेल्ड जातीचा नर घ्या. खिसा भारी असेल तर पँथरचा नर. रानातून पकडून आणलेला, कितीही स्वस्त मिळाला तरी नको. त्याच्या आतड्यात जंत असतात, प्रवासात त्याचं पाणी आटलेलं असतं आणि पिंजऱ्याशी त्याचं कधी जमेल याचा नेम नसतो.

दुकानात काय बघायचं? व्हेल्डमध्ये मागच्या पायाची टाच बघा. अंड्यातून बाहेर आल्या दिवसापासून नराच्या टाचेला मागच्या बाजूने एक बारीक उंचवटा असतो, तिळाएवढा. मादीची टाच सपाट. विक्रेत्याला हे दाखवता येत नसेल तर तिथून घेऊ नका. मग डोळे: बुबुळाभोवतीचा शंकू भरलेला आणि सतत फिरता हवा, खोल गेलेला नको. पाय सरळ हवेत, कोपरात कमान नको. फांदीवरची पकड घट्ट हवी. आणि संकोच न करता म्हणा, याला एक किडा घालून दाखवा. जीभ सरळ सुटली, नेम लागला, किडा चावून गिळला की अर्धी तपासणी झाली.

‘मादी स्वस्त मिळते, तीच घेऊ’

ती स्वस्त का, हे कुणी सांगत नाही. व्हेल्डची मादी वयात आली की नर कधी पाहिला नसला तरी अंडी धरते. ती फळत नाहीत, पण घालावी तर लागतातच, आणि एका वेळी वीस-तीसपासून साठ-सत्तरपर्यंत. त्यासाठी पिंजऱ्यात ओलसर वाळू-मातीने भरलेलं, फूटभर खोल घमेलं कायम ठेवावं लागतं. खणताना तिला माणूस दिसला तर ती काम अर्धवट टाकते. अंडी पोटात अडकली तर शस्त्रक्रिया, नाहीतर मृत्यू. गंमत म्हणजे, किंवा दुर्दैव म्हणा, लाडाने जितकं जास्त खाऊ घालाल तितकी अंडी जास्त. अनुभवी लोक मादीला बेताने खायला देतात आणि ऊबही जरा कमी ठेवतात, त्याने अंड्यांची संख्या आटोक्यात राहते. पहिल्याच खेपेला हे सगळं अंगावर घेऊ नये असं मला वाटतं.

‘वाटीत पाणी ठेवलं की झालं’

वाटीतलं स्थिर पाणी शॅमेलिऑनला बहुधा पाणी म्हणून दिसतच नाही. पानावर चमकणारा, घरंगळणारा थेंब दिसला की जीभ बाहेर येते. म्हणून सकाळी आणि संध्याकाळी फवारा मारायचा आणि दिवसा पिंजऱ्यावरून थेंब थेंब गळणारं भांडं टांगायचं. पण ‘पावसाळी जंगलातला प्राणी’ म्हणून दिवसभर ओलं ठेवलं, वर हवा कोंडली, तर फुप्फुसांना संसर्ग होतो. दोन फवाऱ्यांच्या मध्ये पानं सुकलीच पाहिजेत.

पाणी पोटात जातंय का, हे विष्ठा सांगते. तिच्यात एक काळपट भाग असतो आणि एक पांढरा, खडूसारखा. तो पांढरा भाग म्हणजे त्याची लघवी. तो पांढराशुभ्र असेल तर ठीक. नारिंगी पडला तर पाणी कमी पडतंय. पहिले काही महिने रोज सकाळी हे बघण्याचा कंटाळा करू नये.

‘खिडकीतलं ऊन पुरेसं आहे’

नाही. हाडांत कॅल्शियम मुरायला डी-३ जीवनसत्त्व लागतं, ते तयार व्हायला उन्हातले यूव्हीबी किरण लागतात आणि खिडकीची काच नेमके तेच अडवते. ते मिळाले नाहीत की हाडं मऊ पडतात. पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा लवचीक होतो, पुढे जीभही सुटेनाशी होते. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही.

उपाय म्हणजे नळीच्या आकाराचा यूव्हीबी दिवा, पिंजऱ्याच्या माथ्यावर, रोज बारा तास. तो डोळ्यांना झगझगीत दिसत राहिला तरी त्यातले उपयोगी किरण हळूहळू कमी होतात, म्हणून साधारण वर्षाने बदलायचा. ऊब घ्यायला शेजारी वेगळा साधा बल्ब. त्याखालच्या फांदीवर व्हेल्ड नराला तीस अंशांच्या आसपास तापमान पुरतं. रात्री सगळं बंद. लाल-निळे ‘नाइट बल्ब’ दुकानात मिळतात, ते दुकानदाराच्या फायद्याचे.

किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरवायची, आणि किड्यांनाही आधी पालेभाजी, गाजर खाऊ घालायचं. उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल. खाऊन उरलेले रातकिडे मात्र रात्रभर पिंजऱ्यात सोडू नका, झोपलेल्या शॅमेलिऑनला ते कुरतडतात.

पिंजरा जाळीचा आणि उभा हवा, मोठ्या नराला दोन फूट बाय दोन फूट बाय चार फूट. तो टेबलावर किंवा स्टँडवर ठेवा, म्हणजे वरच्या फांदीवर बसलेला प्राणी आपल्या नजरेच्या वर राहील. वरून कुणी झुकलं की त्याला घारच आठवते. आत खरी झाडं लावा. आपला मनी प्लांट आणि जास्वंद दोन्ही उत्तम. व्हेल्ड जास्वंदीची पानं-फुलं आवडीने खातोही. हा सगळा संसार प्राण्याच्या किमतीच्या कित्येक पट महाग पडतो. तो आधी उभा करा, दिवे आणि फवारे आठवडाभर चालवून बघा, मग प्राणी आणा.

‘जोडी ठेवली तर करमेल’

करमत नाही. शॅमेलिऑनला दुसरा शॅमेलिऑन म्हणजे शत्रू, फार तर काही मिनिटांची सोयरीक. समोरच्या पिंजऱ्यातला नर नुसता दिसत राहिला, इतकंच काय आरशात स्वतः दिसला, तरी तो खाणं सोडू शकतो. एक पिंजरा, एक प्राणी.

‘हातात घेत राहिलं की माणसाळतो’

काही जण हातावर चालून येतात, विशेषतः पँथर. त्याला प्रेम म्हणायचं की उंच फांदी मिळाल्याचा आनंद, यावर पाळणाऱ्यांत वाद आहे. मी दुसऱ्या पक्षात. बहुतेकांना हाताळलेलं आवडत नाही. मुलाला कुशीत घेऊन झोपायला काही हवं असेल तर हा प्राणी त्याच्यासाठी नाही. त्याची शिकार, त्याची डुलत डुलत पडणारी पावलं, झोपेत फिकट पडणारं अंग हे तासन् तास बघणाऱ्याच्या घरी तो शोभतो.

चावला तर? ओरखडा उठेल, क्वचित रक्त येईल. कोणत्याही शॅमेलिऑनला विष नसतं. खरा धोका साल्मोनेला जिवाणूचा, जो सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून येतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे आणि पिंजऱ्यातली भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घरात सरपटणारे प्राणी ठेवू नयेत, असा अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा सल्ला आहे.

‘आपल्याकडे काय, झाडावरून उतरवून आणला की झालं’

हा समज सगळ्यांत महागात पडणारा. भारतात शॅमेलिऑनची एकच जात आहे, तीही महाराष्ट्रात सापडते. कुंपणावर मान हलवत बसणारा, विणीच्या दिवसांत गळ्याला लाल होणारा नेहमीचा सरडा तो नव्हे, त्याचं कुळच वेगळं. आपला शॅमेलिऑन वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहे. तो पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे, मग ‘जखमी होता म्हणून आणला’ असं सांगून वर्षभर घरात ठेवलेलाही त्यात आला. व्हेल्ड, पँथर आणि जॅक्सन या परदेशी जाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइटीज कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. त्या भारतात बाळगायच्या तर २०२४च्या नियमांनुसार सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून, कागद न दाखवता विकणाऱ्याकडे ही नोंदणी नसते. सिडनी-मेलबर्नकरांनी तर विषयच सोडावा, ऑस्ट्रेलियात परदेशी सरपटणारे प्राणी घरी पाळता येत नाहीत.

आपल्या शॅमेलिऑनची मादी अंडी घालायला झाडावरून खाली उतरते आणि जमीन उकरते. अशा वेळी ती रस्त्यात सापडते, गाडीखाली येते किंवा विषारी समजून ठेचली जाते. दिसली तर गाडी थांबवा, ती ज्या दिशेला निघाली होती त्याच बाजूला एखाद्या काठीवर चढवून सोडा. जखमी असेल तर घरी नेऊ नका, वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.