अँथनीच्या आधीचा मेस्त्र

‘अमर अकबर अँथनी’तलं ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ हे गाणं कुणालाच नव्याने सांगायला नको. संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूचं नाव त्यात घालायला लावलं, हा किस्साही जुना झाला. त्या गुरूची, अँथनी गोन्साल्विस यांची जन्मशताब्दी २०२७ मध्ये येते आहे. लेख येतील, मैफली होतील. त्या गडबडीत एका माणसाचं नाव मात्र राहून जाऊ नये. ते म्हणजे अँथनींचे वडील, जुझे आंतोनियु गोन्साल्विस. दक्षिण गोव्यातल्या माजोर्डा गावच्या चर्चमध्ये ते गायकवृंद सांभाळत.

गोव्यात हा पेशा करणाऱ्याला मेस्त्र म्हणतात आणि त्याचं काम कधी नुसत्या रविवारपुरतं नव्हतं. सोळाव्या शतकापासून चर्चला जोडून शाळा उभ्या राहिल्या, तिथे मुलं अक्षरांबरोबर स्वरलिपीही शिकली. पुण्याच्या नारायण पेठेतल्या गाण्याच्या क्लासात अलंकार घोटून घेतात, तसा तिकडे सोल्फा, म्हणजे डो-रे-मी, घोटला जाई. मग हातात व्हायोलिन. लॅटिन प्रार्थनांसाठी वेगवेगळ्या पट्ट्यांचे आवाज एकत्र बसवायचे, फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, वादक जमवायचे, लग्न आणि अंत्ययात्रा सांभाळायची. अनेक मेस्त्र स्वतः रचनाही करत. उपवासकाळातल्या मिरवणुकीत म्हटल्या जाणाऱ्या मोतेत या लॅटिन रचना हे त्यांचं खास दालन. गायकांना साथ दोन व्हायोलिनं, क्लॅरिनेट आणि मोठ्या डबल बासची.

या शिक्षणाची किंमत पुढे मुंबईच्या स्टुडिओत कळली.

१९४३ मध्ये अँथनी मुंबईला आले आणि संगीतकार नौशाद यांच्या वादकांत दाखल झाले. चाल एका आवाजात सुचलेली असे. ती पन्नास वादकांत वाटायची, तर प्रत्येकापुढे लिहिलेला कागद लागतो. कागद वाचणारे आणि लिहिणारे हात मोठ्या संख्येने गोव्याचे होते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतले संगीत संयोजक सॅबॅस्टियन डिसोझा यांचे प्रतिस्वर आठवा. एका आवाजाला दुसरा आवाज उत्तर देतो, ही सवय चर्चच्या गायकवृंदात लागते. तरीही श्रेयनामावलीत यांतली बहुतेक नावं दिसत नाहीत. हा अन्याय आहे आणि तो आपण फार सहज पचवला.

अँथनींनी मात्र ही विद्या रागसंगीताकडे वळवली. १९५८ मध्ये त्यांनी ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. १९६५ मध्ये ते अमेरिकेला गेले, पुढे गोव्यात परतले आणि १८ जानेवारी २०१२ रोजी निवर्तले.

इकडे गोव्यातल्या चर्चमध्येही काळ बदलला. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेत लॅटिनच्या जागी कोकणी आली. भाविकांना आपल्या भाषेत गाता आलं, हे चांगलंच झालं. पण मेस्त्रांच्या हस्तलिखित वह्यांना वाली उरला पाहिजे. शताब्दीसाठी निधी उभा राहिलाच, तर त्यातून या वह्या स्कॅन कराव्यात आणि त्यातल्या मोतेत माजोर्ड्याच्या चर्चमध्ये पुन्हा बसवाव्यात. ते गाणं त्यानंतर खुशाल वाजवावं.