मागचं चाक का तुटतं? वजनदार स्वाराने रोड बाइकची चाकं कशी निवडावीत

सुरुवात एका तक्रारीपासून करू. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ आहेत, वजन 108 किलो. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, म्हणून त्यांनी हौसेने रोड बाइक घेतली आणि रोज ऑफिसला सायकलने जायला लागले. जाऊन-येऊन 20 किलोमीटर. काही महिन्यांनी मागच्या चाकाचा एक स्पोक तुटला. बदलला. तीन आठवड्यांनी दुसरा, मग तिसरा. दुकानदार म्हणाला, "साहेब, वजन तुमचं जास्त आहे, सायकल तरी काय करणार?" त्यानंतर सायकल गॅलरीत गेली आणि साहेब पुन्हा गाडीत बसले.

दुकानदाराचं हे वाक्य कितपत खरं आहे, ते आज आपल्याला बघायचंय.

एक चित्र आठवून बघा. आपल्याकडच्या दूधवाल्याची काळी सायकल. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन, वर तो स्वतः, आणि रस्ता म्हणजे नुसते दगड-खड्डे. त्या सायकलवरचं ओझं आपल्या या गृहस्थांपेक्षा नक्कीच जास्त असायचं. तरी तिचं चाक वर्षानुवर्षं चालायचं. कधी मोजलेत तिचे स्पोक? या जुन्या घडणीच्या सायकलींना पुढे 32 आणि मागे 40 स्पोक असतात. आणि आमच्या मित्राच्या नव्या सायकलला मागे किती होते? 24. म्हणजे वजन हा प्रश्नाचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा भाग चाकाचा आहे.

आता चाक वजन पेलतं कसं, हे समजून घेऊ. आपल्याला वाटतं की खालचे स्पोक खांबासारखे वजन उचलतात. पण दोन मिलिमीटरची तार खांब कशी होईल? दाबली की ती वाकणारच. सुतळीने विणलेली बाज डोळ्यांपुढे आणा. सुतळी ताणलेली असते म्हणूनच बाज माणूस पेलते. चाकाचंही तसंच आहे. प्रत्येक स्पोक रिमला हबकडे ओढत असतो. चांगल्या बांधलेल्या मागच्या चाकात उजव्या बाजूच्या एका स्पोकवर साधारण 100 ते 120 किलोचा ताण असतो. तुम्ही सायकलवर बसलात की जमिनीलगतच्या चार-पाच स्पोकचा ताण कमी होतो. बाकीच्यांना फारसा फरक पडत नाही. चाक फिरलं की ते स्पोक वर जातात, पुन्हा ताणले जातात आणि त्यांची जागा पुढचे घेतात.

म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेरीत प्रत्येक स्पोक एकदा सैल होतो आणि एकदा ताणला जातो. हिशेब करू. 28 मिलिमीटरचा टायर असलेल्या चाकाचा घेर साधारण 2.13 मीटर. एका किलोमीटरला सुमारे 470 फेऱ्या. रोज 20 किलोमीटर, वर्षाचे 250 दिवस, म्हणजे वर्षाला साधारण 23 लाख वेळा. तार हाताने पुढे-मागे वाकवत राहिलं की ती तुटते, हे आपण सगळ्यांनी केलंय. त्याला धातूचा थकवा म्हणतात. स्पोकही असाच थकून तुटतो, आणि बहुतेक वेळा हबच्या भोकातून बाहेर पडताना जिथे तो वळतो तिथेच. दोन मिलिमीटरची चांगली स्टेनलेस तार एका झटक्यात तोडायची तर अडीचशे किलोच्या पुढे ओढावं लागतं. तेव्हा तुमच्या वजनाने ती 'तटकन' तुटली असं होत नाही. ती महिनोन्‌महिने थकत आलेली असते.

म्हणून टिकाऊ चाक निवडताना एकच गोष्ट शोधायची: प्रत्येक फेरीतला हा हेलकावा कमी कसा होईल.

पहिली गोष्ट, स्पोकची संख्या. तेच ओझं जास्त स्पोकमध्ये वाटलं गेलं की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. तुमचं वजन 95-100 किलोच्या वर असेल, शिवाय रोज लॅपटॉप-डबा घेऊन जात असाल, तर मागे 36 आणि पुढे 32 स्पोक घ्या, असं आम्ही सांगतो. बसल्यावर साठ टक्क्यांच्या आसपास वजन मागच्या चाकावर येतं, म्हणून पैसे आधी तिथे घाला. काही जण म्हणतील, सायकल जड होईल. 24 ऐवजी 36 म्हणजे बारा स्पोक जास्त, निपलसकट सुमारे शंभर ग्रॅम. अर्धा कप चहा! शिवाय 36 पैकी एक तुटला तर ब्रेक जरा मोकळा करून घरी पोचता येतं. 20 किंवा 24 पैकी एक तुटला की चाक एवढं आउट होतं की ते फ्रेमला घासायला लागतं.

दुसरी, स्पोकचा प्रकार. इथे जरा उलटं वाटेल. मधे बारीक आणि दोन्ही टोकांना जाड, म्हणजे 2 मिमी, 1.8 मिमी, पुन्हा 2 मिमी, असा स्पोक सरळसोट जाड स्पोकपेक्षा जास्त टिकतो. बारीक भाग थोडा जास्त लांबतो, त्यामुळे वळणावरचा झटका कमी होतो आणि शेजारच्या स्पोकनाही ओझ्यात वाटा मिळतो. निपल पितळेचे घ्या. ॲल्युमिनियमचे हलके असतात, पण आपल्या पावसाळ्यात आणि किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत ते गंजून बसतात आणि फिरवायला गेलं की तुटतात.

तिसरी, रिम. दुहेरी भिंतीची ॲल्युमिनियम रिमच घ्या. रिम जितकी ताठ, तितकं ओझं जास्त स्पोकमध्ये पसरतं. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर पावसाळ्यातली रेती रिमची भिंत खाते. ती आत झुकलेली, वाटीसारखी लागली की रिम बदला. थांबू नका, कारण टायरमधल्या हवेच्या दाबाने ती भिंत फुटू शकते. डिस्क ब्रेकवाल्यांना ही झीज नसते.

चौथी, हब. स्वस्त सायकलींत दातेरी चक्रांचा सगळा गठ्ठा हबवर आट्यांनी बसवलेला असतो. त्याला फ्रीव्हील म्हणतात. यात उजवीकडचे छर्रे बरेच आत राहतात आणि ॲक्सल आधाराशिवाय बाहेर येतो. वजनदार स्वाराच्या सायकलचा ॲक्सल इथेच वाकतो किंवा तुटतो. कॅसेट बसणारं हब घेतलं की उजवे छर्रे टोकाजवळ जातात आणि हा त्रास जवळपास संपतो. घेताना आपल्या फ्रेमचं माप बघा. रिम ब्रेकच्या रोड बाइकला मागे बहुधा 130 मिलिमीटर असतं, डिस्कवाल्यांना 135 किंवा 142. हब आणि रिम दोन्हींना भोकं सारखीच हवीत, हेही विसरू नका.

पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती पुड्यावर छापलेली नसते. ती म्हणजे बांधणी. तेच सामान सैल बांधलं तर वर्षभरात तुटेल, नीट बांधलं तर कित्येक वर्षं चालेल. मागच्या चाकात डाव्या स्पोकचा ताण मुळातच उजव्यापेक्षा बराच कमी असतो, कारण उजवीकडे कॅसेटला जागा द्यावी लागते. चाक सैल बांधलेलं असेल तर खाली आल्यावर डावे स्पोक पार ढिले पडतात, निपल हळूहळू उलटे फिरतात आणि चाक आउट होतं. मग आपण म्हणतो, दर महिन्याला आउट काढावा लागतो! आउट काढून उपयोग नाही, ताणच वाढवायला हवा. तपासायला यंत्र नको. एकाच बाजूचे स्पोक बोटाने छेडत जा. सगळ्यांचा सूर जवळपास सारखा यायला हवा. मधेच एखादा 'थब्ब' वाजला तर तो सैल आहे. कारागिराला आणखी एक सांगा: चाक बांधून झालं की शेजारचे स्पोक जोडीजोडीने हाताने करकचून दाबा आणि मग पुन्हा आउट बघा. यात स्पोक वळणावर नीट बसतात, आणि थकवा जिथून सुरू होतो तो आतला राहिलेला ताण निघून जातो.

शेवटी टायर. 23 किंवा 25 मिलिमीटरचा टायर वजनदार माणसाने रोजच्या वापरात ठेवू नये. खड्ड्यात रिम थेट दगडावर आपटते. फ्रेममध्ये जागा असेल तर 32 घाला, नसेल तर निदान 28. हवा किती? तुम्ही बसल्यावर टायर त्याच्या उंचीच्या साधारण 15 टक्के दबला पाहिजे, मात्र टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर जायचं नाही. आणि गतिरोधक आला की सीटवरून जरा उठा. ही सवय फुकट आहे, आणि मागच्या चाकावर तिचे उपकार फार मोठे.

एका श्रोत्यांचा प्रश्न आलाय: "आधी वजन कमी करून मग सायकल घ्यावी का?"

नाही. हा क्रम उलटा आहे. ज्या माणसाला सायकलची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यालाच आपण 'तुम्ही थांबा' म्हणतोय. सायकलसोबतच्या पुस्तिकेत स्वार, सामान आणि सायकल मिळून किती वजन चालेल ते बहुधा दिलेलं असतं. ती मर्यादा फ्रेमसाठी नीट वाचा आणि पाळा. पण फ्रेम त्यात बसत असेल, तर चाक बदलता येतं. एक स्पोक तुटला तर तो बदला. तिसरा तुटला तर समजा की बाकीचेही तितकेच थकलेत. मग एकेक बदलत बसू नका, पूर्ण चाक नव्या स्पोकनी बांधून घ्या.

आमच्या त्या मित्राने शेवटी तेच केलं. 36 भोकांचं हब, नवी रिम, नवे स्पोक, 32 चा टायर. पहिल्या पंधरवड्यानंतर एकदा ताण तपासून घेतला. सायकल गॅलरीतून खाली आली आहे. काल त्यांचा फोन आला होता, पुढचा ब्रेक किरकिरतोय म्हणून. मागच्या चाकाबद्दल काही बोलले नाहीत.